मनोविकारांवरचे उपचार : पेशंट 'सुधारला' हे ठरवायचं कुणी?

कोरीपाटी

१९४९ साली दोन गोष्टी घडल्या. पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल (विभागून) मिळालं. कवटीला भोकं पाडून मेंदूच्या पुढच्या भागातले धागे तोडायचे, म्हणजे मनोविकार ओसरतो, या शस्त्रक्रियेसाठी (हीच लोबोटॉमी). त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या डॉक्टरने एका वैद्यकीय नियतकालिकात छोटासा लेख लिहिला : उन्मादाच्या पेशंटांना लिथियम दिलं आणि ते सुधारले. त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

आज पहिल्या उपचाराचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो. दुसरा अजून चालू आहे.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं : तेव्हा अज्ञान होतं, आता विज्ञान आहे. मला ते पटत नाही. मोनिझ अडाणी नव्हता. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा एक्स-रे काढायची पद्धत त्यानेच शोधली आणि ती खरोखर मोठी कामगिरी होती. १९३६ साली त्याने पहिल्या वीस पेशंटांचा अहवाल दिला : सात बरे, सात सुधारले, सहा जैसे थे. आकडे झकास दिसतात. पण पेशंटांवर लक्ष किती दिवस ठेवलं? काहींवर जेमतेम काही आठवडे. आणि 'बरा' म्हणजे काय? आरडाओरडा थांबला, त्रास देईनासा झाला, सांगितलेलं ऐकू लागला. ज्या सोब्राल सिद यांच्याकडून हे पेशंट आले होते, ते नंतर म्हणू लागले की ही माणसं सुधारलेली नाहीत, खालावलेली आहेत, आणि त्यांनी आणखी पेशंट द्यायला नकार दिला. ते कुणी ऐकलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. या साऱ्या इतिहासात औषधं बदलली, यंत्रं बदलली, पण खरा फरक पडला तो 'सुधारणा' कुणाच्या नजरेतून मोजायची यात. वॉर्ड शांत झाला म्हणजे पेशंट बरा झाला, असंच फार काळ धरलं गेलं. पटतंय का? नसेल तर झोडा.

मुंगूस

वाचतोय. लोबोटॉमीवर अजून लिहा.

आडवळण

छान विषय. पण तुम्ही थेट विसाव्या शतकात उडी मारलीत. त्याआधी साखळ्या होत्या आणि त्या तोडल्या गेल्या, ते टाळून कसं चालेल? फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत फिलिप पिनेल यांनी पॅरिसमध्ये पेशंटांच्या बेड्या काढल्या. त्यावर प्रसिद्ध चित्रही आहे. मनोविकारांच्या उपचारांची आधुनिक सुरुवात तिथून धरतात.

सावकाश

@आडवळण, चित्र प्रसिद्ध आहे, पण ते १८७६ सालचं. घटनेनंतर पाऊणशे वर्षांनी रंगवलेलं. बिसेत्रच्या इस्पितळात १७९७ साली साखळ्या काढल्या त्या झाँ-बाप्तिस्त प्युसाँ यांनी, आणि तेव्हा पिनेल तिथून बदलून गेलेही होते. प्युसाँ डॉक्टर नव्हते. कातडी कमावण्याचं काम करायचे. गंडमाळेच्या आजाराने त्याच इस्पितळात पेशंट म्हणून दाखल झाले, बरे झाले आणि तिथेच नोकरीला लागले. वॉर्डाची व्यवस्था पाहता पाहता त्यांच्या लक्षात आलं की मारहाण बंद केली, अंगावर न ओरडता बोललं, की बहुतेकांना बांधावं लागत नाही. नोकरांपैकी जे मारत राहिले त्यांना त्यांनी काढून टाकलं, आणि शक्य तिथे बऱ्या झालेल्या पेशंटांनाच कामावर घेतलं. पिनेल यांचा मोठेपणा असा की हे आपण प्युसाँकडून शिकलो, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. चित्रकाराला मात्र कोट घातलेला डॉक्टरच हवा होता.

म्हणजे धागाकर्त्याच्या मुद्द्याला यातून बळच मिळतं. पेशंट म्हणून तिथे राहिलेल्या माणसाला जे दिसलं ते इतरांना दिसलं नव्हतं.

कोरीपाटी

@सावकाश, हे प्युसाँ प्रकरण भारी आहे.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने यॉर्कला 'रिट्रीट' काढलं, १७९६ साली. क्वेकर पंथातली एक विधवा तिथल्याच मोठ्या वेड्यांच्या इस्पितळात दाखल झाली आणि काही आठवड्यांत वारली. मधल्या काळात पंथातल्या लोकांना तिला भेटूही दिलं नव्हतं. त्या रागातून ही संस्था उभी राहिली. बाग, काम, गप्पा, ठरलेला दिनक्रम. इथेही पुढाकार डॉक्टरचा नव्हता.

डॉ_निवांत

मी या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडी भर. मुद्दा अर्धा पटला.

यॉर्कचं ते घर तीसेक माणसांसाठी होतं, म्हणून चाललं. एकोणिसाव्या शतकात सरकारांनी तोच नमुना घेऊन प्रचंड इमारती बांधल्या. सुरुवातीचा हेतू चांगलाच होता. पण एका डॉक्टरमागे शेकडो पेशंट झाले की गप्पा आणि बाग उरत नाही, फक्त कुलूप उरतं. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं राहत होती. अशा ठिकाणी 'वॉर्ड शांत' हीच कसोटी होणार, कारण बाकी काही मोजायला माणूसच नव्हता. क्रौर्यापेक्षा गर्दीने जास्त नुकसान केलं, असं माझं मत आहे.

आता लोबोटॉमी. वॉल्टर फ्रीमन याने १९४६ पासून डोळ्याच्या खोबणीतून सळई घालून ती करायला सुरुवात केली, कारण मग सर्जन लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही आणि गर्दीने फुटणाऱ्या इस्पितळांना ते परवडतं. त्याने एकट्याने साडेतीन हजारांच्या आसपास माणसांवर ती केली. १९६७ मध्ये एक बाई दगावल्यावर त्याला थांबवलं गेलं. सोव्हिएत रशियाने मात्र १९५० सालीच या शस्त्रक्रियेवर बंदी घातली होती. (त्याच रशियात नंतर सरकारविरोधी बोलणाऱ्यांना 'संथ स्किझोफ्रेनिया'चं निदान लावून डांबलं गेलं, त्यामुळे कौतुक आवरतं घेऊ.)

पटलं नाही ते हे : 'पेशंटला विचारा' एवढ्याने भागत नाही. तुलना लागते. इन्सुलिन कोमाचं उदाहरण घ्या. १९३०च्या दशकात मॅनफ्रेड साकेल याने स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांना इन्सुलिनचे मोठे डोस देऊन बेशुद्ध करायचं, मग साखर देऊन उठवायचं, असा उपचार आणला. आठवड्यातले पाच-सहा दिवस, कित्येक आठवडे. काही पेशंट दगावायचे. तरी जगभर इन्सुलिनचे खास वॉर्ड निघाले. डॉक्टर खूश, नर्सेस खूश, आणि बरेच पेशंटही खूश! कारण त्या वॉर्डात निवडक पेशंट, भरपूर नर्सेस, खेळ, सहली, सतत कुणीतरी उशाशी. १९५३ साली हॅरल्ड बोर्न या तरुण डॉक्टरने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की हे थोतांड आहे. ज्येष्ठांनी त्याला फैलावर घेतलं. १९५७ मध्ये एक नीट चाचणी झाली : अर्ध्या पेशंटांना इन्सुलिनने बेशुद्ध केलं, अर्ध्यांना झोपेच्या औषधाने, बाकी देखभाल तंतोतंत तीच. फरक शून्य. इन्सुलिनने काहीच होत नव्हतं.

पेशंटांना नुसतं विचारलं असतं तर हा उपचार आजही चालू राहिला असता.

तिरकस

वा डॉक्टर. म्हणजे दोन दशकं माणसं उगाच कोमात घातली, आणि गुण आला तो कुणीतरी शेजारी बसल्याचा. मग कोमा बंद केलात तेव्हा शेजारी बसणारं माणूस का बंद केलंत?

डॉ_निवांत

@तिरकस, याला माझ्याकडे उत्तर नाही. बरोबर प्रश्न आहे.

तिरकस

तर मग पुढचा. आजच्या गोळ्यांचं काय वेगळं आहे? 'मेंदूत सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन' असं वर्षानुवर्षं सांगितलं. २०२२ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले तर त्याला ठोस पुरावा सापडला नाही. उद्या नातवंडं आपल्या गोळ्यांना तसंच हसतील, जसे आपण सळईला हसतोय.

डॉ_निवांत

सेरोटोनिनची गोष्ट आमच्या लोकांनी फार सोपी करून विकली, हे मान्य. पण कारण चुकलं म्हणून औषध चुकलं, असं होत नाही. फीट आणून उपचार करायची कल्पना हंगेरीच्या मेदुना याची, १९३४ सालची. त्याला वाटायचं की अपस्मार (फीट येण्याचा आजार) आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत. साफ चूक. पण फीट आल्यावर काही पेशंट खरंच सुधारले, आणि पुढे कळलं की सर्वांत जास्त गुण तीव्र डिप्रेशनमध्ये येतो. १९३८ मध्ये रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी तीच फीट विजेने आणली. तीच आपली 'शॉक ट्रीटमेंट'.

गोळ्यांचंही तसंच. स्किझोफ्रेनियावरचं क्लोरप्रोमाझिन मुळात भूल देताना मदत व्हावी म्हणून वापरलं जात होतं. लाबोरी या फ्रेंच सर्जनला दिसलं की पेशंट जागा असतो पण त्याला कशाची फिकीर वाटत नाही. १९५२ मध्ये पॅरिसच्या सेंट ॲन इस्पितळात ते मनोरुग्णांना दिलं. क्षयाचं एक औषध घेणारे पेशंट अचानक उल्हसित झाले, त्यातून डिप्रेशनवरच्या औषधांची एक शाखा निघाली. बहुतेक शोध असे वाट चुकून लागलेत. पण त्यानंतर तुलना झाली, हा फरक. १९६४ मध्ये अमेरिकेत नऊ रुग्णालयांत स्किझोफ्रेनियाच्या पेशंटांना खरी किंवा नकली गोळी दिली. कुणाला कोणती, हे डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. खऱ्या गोळीने पेशंट नुसते गप्प झाले नाहीत. ऐकू येणारे आवाज, भरकटलेले विचारही कमी झाले, आणि आपल्यातच मिटलेली काही माणसं उलट बोलू लागली. सळईची अशी परीक्षा कुणी घेतलीच नव्हती.

आडवळण

सर्पगंधाही या यादीत हवी. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या मुळांचा उपयोग रक्तदाब आणि उन्माद दोन्हींवर होतो असं इंग्रजीत छापलं. पाश्चात्त्य डॉक्टरांनी तिच्यातलं रिसर्पिन मनोरुग्णांना द्यायला १९५४ उजाडलं.

डॉ_निवांत

हो. आणि काही वर्षांतच ते मागे पडलं, कारण क्लोरप्रोमाझिन लवकर गुण द्यायचं आणि रिसर्पिनने माणसं खिन्न होतात अशी तक्रार होती.

रातराणी

इतके दिवस नुसती वाचक होते. लिथियमचं नाव आलं म्हणून लिहिते. मी बायपोलर आहे (कधी उन्माद, कधी डिप्रेशन), बरीच वर्षं लिथियमवर आहे.

केड यांच्या पहिल्या पेशंटबद्दल इथे कुणी लिहिलं नाही. पाच वर्षं सतत उन्मादात असलेला पन्नाशीचा गृहस्थ. लिथियमने काही महिन्यांत इतका बरा झाला की घरी जाऊन जुन्या नोकरीवर रुजू झाला. मग त्याने औषध सोडलं, परत आजारी पडला, परत औषध, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने गेला. रक्तातली पातळी मोजायची सोय तेव्हा वापरात आलेली नव्हती. ज्या औषधाने जगवलं त्यानेच मारलं, आणि मधला फरक होता एका रक्ततपासणीचा. म्हणून मी तपासणी चुकवत नाही. पातळी, किडनी, थायरॉइड.

आता सुधारणा कुणी ठरवायची त्याबद्दल. लिथियमने माझे हात थरथरतात. पहिल्या डॉक्टरांच्या लेखी मी 'स्टेबल' होते, विषय संपला. पण मी हाताने चित्रं काढते, आणि सरळ रेघ येईना. हे मी दोन-तीनदा सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि तीच चिठ्ठी परत दिली. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "तुम्हाला काय करता आलं पाहिजे?" आम्ही मात्रा थोडी खाली आणली, घ्यायची वेळ बदलली, तपासण्या काही काळ लवकर लवकर केल्या. थरथर गेली नाही, पण रेघ जमते. औषध तेच, आजार तोच.

@तिरकस, नातवंडं हसोत. मी गोळी घेऊन हसेन त्यांच्याबरोबर.

कोरीपाटी

@रातराणी, धागा काढल्याचं सार्थक झालं.

गणितनको

मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार येत राहतात आणि हात धुण्यासारखी तीच तीच कृती करत राहावी लागते. औषधाशिवायच्या उपचारांचं इथे नावच नाही म्हणून लिहितो. १९६० पर्यंत या आजाराला जवळपास असाध्य मानायचे. मनोविश्लेषणवाले वर्षानुवर्षं बालपण उकरायचे, हात धुणं चालूच. १९६६ मध्ये व्हिक्टर मायर या मानसशास्त्रज्ञाने उलट केलं : ज्याची किळस वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. भीती वाढते, वाढते, मग आपोआप उतरते. मी हेच केलं. सुरुवातीचे आठवडे भयंकर. पण यात सुधारणा किती झाली ते मला स्वतःला मोजता येतं, कुणी सर्टिफिकेट द्यायला लागत नाही.

मुंगूस

शॉक ट्रीटमेंट अजून देतात? मला वाटलं बंद झाली.

डॉ_निवांत

देतात, आणि काही पेशंटांना तिच्याइतका लवकर गुण दुसऱ्या कशाने येत नाही. खाणंपिणं सोडलेला, आत्महत्येच्या काठावरचा पेशंट, किंवा कॅटाटोनिया, म्हणजे पुतळ्यासारखा थिजलेला. पूर्वी भूल न देता द्यायचे, झटक्याने मणके मोडायचे. आता भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन देतात, बाहेरून पायाचा अंगठा हललेला दिसला तर दिसतो. भारताच्या २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बिनभुलीचा शॉक बेकायदा ठरवला, साखळीने बांधणंही. पण स्मृतीवर परिणाम होतो, विशेषतः उपचाराच्या आगेमागेच्या काळातल्या आठवणी जातात आणि काही कायमच्या जातात. पेशंट हे सांगत होते, आमचे लोक बराच काळ 'तो आजाराचाच परिणाम' म्हणून झटकत होते. तिथे धागाकर्ता बरोबर आहे.

शुभंकर_एक

सगळं वाचलं. आता एक कडू लिहितो.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. 'पेशंटला विचारा' हे वाचायला छान वाटतं. आजार बळावतो तेव्हा तो म्हणतो मला काही झालेलं नाही, गोळ्यांत विष आहे, आणि ते विष मी घालतोय. तेव्हा कुणाला विचारू? एकदा त्याचं ऐकून आम्ही थांबलो. तो निघून गेला. सापडला तेव्हाची अवस्था लिहित नाही.

आणि मनोरुग्णालयं बंद केली याचा जो जयजयकार होतो, त्यात पेशंट गेले कुठे हे कुणी विचारत नाही. गेले घरी, आणि घर म्हणजे बहुतेक वेळा एक बाई. माझी आई.

सावकाश

@शुभंकर_एक, तुमचा दुसरा मुद्दा इतिहासाने शंभर टक्के खरा ठरवलाय. अमेरिकेत १९६३ च्या कायद्याने गावोगावी केंद्रं काढायची ठरली. इस्पितळं रिकामी झाली, केंद्रं ठरल्याच्या निम्मीच उभी राहिली. बरीच माणसं रस्त्यावर आणि तुरुंगात गेली. खाट बंद केली की पैसे वाचतात, ते पैसे पेशंटच्या मागोमाग गेले नाहीत.

इटलीत थोडं वेगळं घडलं. फ्रांको बाझालिया यांनी ट्रिएस्ट शहरातलं रुग्णालय रिकामं करायच्या आधी बाहेर चोवीस तास उघडी केंद्रं, राहायला घरं, पगारी काम देणाऱ्या सहकारी संस्था असं सगळं उभं करायला घेतलं. १९७८ च्या कायद्याने देशभर नवी भरती थांबली. पण बाकीच्या इटलीत ते ट्रिएस्टइतकं जमलं नाही, आणि शेवटची जुनी इस्पितळं बंद व्हायला नव्वदचं दशक संपत आलं. १९७३ मध्ये ट्रिएस्टच्या पेशंटांनी कागदाच्या लगद्याचा मोठा निळा घोडा केला आणि मिरवणुकीने बाहेर काढायचं ठरवलं, तर तो दारातून जाईना. शेवटी दार तोडलं.

आणि बेल्जियममधलं खील हे गाव. मध्ययुगापासून तिथली कुटुंबं मनोरुग्णांना घरी ठेवून घेतात, आता त्यांना त्याचे पैसेही मिळतात. १९३०च्या दशकाअखेर तिथे साडेतीन हजारांहून जास्त असे पाहुणे होते. तिथे आई एकटी नसते, कारण शेजारच्या घरातही असाच कुणी राहत असतो. तात्पुरत्या रूपात हे अमृतसरलाही झालं. १९५०च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी पेशंटच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबूंत राहायला बोलावलं. पेशंट लवकर घरी जाऊ लागले, आणि घरचे काहीतरी शिकून जाऊ लागले.

तिरकस

खीलमध्ये घरच्यांना पेशंटचं निदान सांगत नाहीत, असं वाचलंय. त्यांना फक्त माणूस कसा आहे ते कळतं. डॉक्टर, हे जरा लिहून घ्या.

डॉ_निवांत

घेतलं.

@शुभंकर_एक, पहिल्या मुद्द्यावर खोटा दिलासा देत नाही. तीव्र अवस्थेत कधी कधी मनाविरुद्ध उपचार द्यावे लागतात आणि मी ते दिलेत. एक गोष्ट मात्र करता येते, आणि ती बहुतेक वेळा कुणी करत नाही. पेशंट सावरल्यावर त्याच्याशी बसून त्या दिवसांबद्दल बोलायचं. काय आठवतं, काय सहन झालं नाही, पुन्हा वेळ आली तर काय वेगळं करायचं.

रातराणी

@शुभंकर_एक, मी दुसऱ्या बाजूला होते. मला उन्मादात बळजबरीने नेलं होतं. नेलं याचा राग नाही. शेजाऱ्यांसमोर नेलं, आणि मावशीला सगळं सांगितलं, याचा आहे.

आता मी बरी असताना कागद लिहून ठेवलाय. बऱ्याच देशांच्या कायद्यात त्याला जागा आहे, वर डॉक्टरांनी सांगितलेल्या कायद्यातही. त्यात असं आहे : सलग दोन रात्री झोपले नाही आणि खरेदी सुरू झाली की नवऱ्याने डॉक्टरांना फोन करायचा, माझी परवानगी मागत बसायचं नाही. अमुक एक इंजेक्शन नको, त्याने मान आखडते. दुसरं चालेल. बँकेचं कार्ड त्याच्याकडे. न्यावं लागलं तर रात्री, मागच्या दाराने. मावशीला कळवायचं नाही.

शुभंकर_एक

हे भाऊ लिहील का माहीत नाही. पण सध्या बरा आहे, विचारून बघतो. इंजेक्शनचं त्याचंही काहीतरी होतं, आम्ही लक्ष दिलं नव्हतं. या कागदावर डॉक्टरांची सही लागते का?

डॉ_निवांत

नियम देशागणिक वेगळे, तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. सही बाजूला ठेवली तरी एक प्रत त्यांच्या फायलीत हवीच. आपत्कालीन विभागात रात्री जो डॉक्टर असेल तो तुमच्या भावाला ओळखत नसणार.

रातराणी

आणि एक फोनमध्ये, फोटो काढून. माझा नवरा गडबडीत कागद कुठे ठेवलाय ते विसरला होता.